सॉफ्टवेअरची खिडकी नेमकी कुठं उघडायला पाहिजे? (अनुभव सांगा)

पट्टीवाला
नमस्कार मंडळी. प्रश्न डेस्कटॉप सॉफ्टवेअरचा आहे. मी सांगलीच्या मार्केट यार्डातल्या अडत दुकानांसाठी पट्टीचं, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या हिशोबाच्या बिलाचं, सॉफ्टवेअर करतो, सी शार्प भाषेत आणि विनफॉर्म्समध्ये (विंडोजवरच्या खिडक्या, म्हणजे फॉर्म, बनवायचं साधन). वक्कल (शेतकऱ्याच्या मालाचा लॉट) नोंदवायचं, सौद्याचा दर टाकायचा, हमाली तोलाई वजा करून शेतकऱ्याची पट्टी काढायची. काम एवढंच, पण हळदीच्या हंगामात सकाळपास्नं रात्रीपर्यंत तेच चालतं.

परवा एका दुकानातनं दिवाणजींचा फोन आला, सॉफ्टवेअर उघडतच नाही ओ. गेलो. बघतो तर प्रोग्राम चालू आहे, खाली टास्कबारवर आयकॉन आहे, त्यावर क्लिक केलं की उजळतो सुद्धा, पण स्क्रीनवर काही म्हणजे काही नाही. बाहेर सौदे चाललेत, शेतकरी पट्टीसाठी बसलेत आणि मी आयकॉनवर क्लिक करतोय. शेवटी सेटिंगची फाईल उडवली तेव्हा खिडकी दिसली. त्या दुकानात आधी दोन मॉनिटर होते, एक महिन्यापूर्वी काढला. माझा प्रोग्राम बंद होताना खिडकीची जागा फाईलमध्ये लिहितो आणि उघडताना तिथंच उघडतो, म्हणून नसलेल्या मॉनिटरवर उघडला असणार असं मी धरून चाललोय.

दुसरं दुकान, वेगळंच दुखणं. लॅपटॉप १३६६ बाय ७६८ चा, अक्षरं बारीक दिसतात म्हणून कुणीतरी स्केलिंग १२५ टक्के करून ठेवलेलं. माझा फॉर्म १०२४ बाय ७०० चा. 'जतन करा' हे बटण टास्कबारच्या खाली गेलं. तिथले दिवाणजी तीन दिवस टॅब मोजून एंटर मारत होते, सात टॅब आणि एंटर. मला फोनसुद्धा केला नाही. हे ऐकून मला फार वाईट वाटलं, साठीतला माणूस, आणि चूक माझ्या फॉर्मची.

तर प्रश्न असा की खिडकीची जागा आणि आकार प्रोग्रामनं लक्षात ठेवावा का? का दर वेळी मधोमध उघडावं? का सरळ फुल स्क्रीन? माझं मत, लक्षात ठेवायला पाहिजे. पण आता भीती वाटायला लागलीय.

आयर्विनखाली
पुढच्या वेळी खिडकी हरवली तर आधी टास्कबारवर क्लिक, मग ऑल्ट आणि स्पेस, मग एम, मग कुठलाही एक बाण, आणि मग माऊस हलवायचा. खिडकी माऊसला चिकटून येते. हे दिवाणजींना कागदावर लिहून द्या, फोनवर पाच मिनिटांत काम होतं.

हरिपूरकर
एवढा विचार कशाला. मॅक्सिमाइज करून उघडायचं. पट्टी करणारा माणूस दिवसभर एकच सॉफ्टवेअर वापरतो, त्याला खिडकी हलवायची आहे कशाला? मी कारखान्याच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर केलं होतं, उसाची गाडी आली, वजन आलं, पावती निघाली. फुल स्क्रीन. सहा हंगाम झाले, खिडकीवरनं एक फोन नाही.

पट्टीवाला
@हरिपूरकर दादा, वजनकाट्यावर ते बरोबर आहे, तिथं समोर एकच काम असतं. अडत दुकानात तसं नाही. डाव्या अर्ध्यात माझं सॉफ्टवेअर, उजव्या अर्ध्यात संगणकावरचं व्हॉट्सअ‍ॅप, कारण खरेदीदार दर आणि पोत्यांचे आकडे तिथं टाकतात. दिवाणजी एका डोळ्यानं तिकडं बघत इकडं टाइप करतात. फुल करून ठेवलं तर दर वक्कलाला ऑल्ट टॅब मारावं लागतं आणि एखादा दर चुकीच्या वक्कलाला बसतो. शेतकऱ्याच्या पट्टीत दर चुकला तर काय होतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

ट्विपवाले काका
या विषयावर बोलायचा मला हक्क आहे असं समजतो, व्हीबी सिक्समध्ये (व्हिज्युअल बेसिकची सहावी आवृत्ती) अकरा वर्षं काढली आहेत. १९९८ चं ते. त्यात मापं पिक्सेलमध्ये नसायची, ट्विपमध्ये असायची. एका इंचाला १४४० ट्विप. नेहमीच्या ९६ डीपीआयला (एका इंचात ९६ पिक्सेल) एका पिक्सेलचे १५ ट्विप होतात, म्हणून आम्ही सगळ्यांनी कोडमध्ये १५ नं गुणायची सवय लावून घेतली. आणि मग कुणीतरी अक्षरं मोठी केली की डीपीआय १२० व्हायचा, पिक्सेलला १२ ट्विप पडायचे, आणि आमचे सगळे हिशोब गडबडायचे. स्क्रीनलाच विचारायची सोय होती, ट्विप्स पर पिक्सेल म्हणून प्रॉपर्टी होती, पण १५ लिहिणं सोपं वाटायचं.

अजून एक सांगतो. त्या भाषेतला इंटीजर १६ बिटांचा, म्हणजे ३२७६७ पर्यंतच. १९२० पिक्सेलचा मॉनिटर म्हणजे २८८०० ट्विप, चालून जायचं. नंतर एका गिऱ्हाईकानं २५६० चा मॉनिटर आणला, ३८४०० ट्विप, आणि रुंदी इंटीजरमध्ये ठेवलेली, झालं ओव्हरफ्लो. प्रोग्राम दहा वर्षं जुना, कोडला कुणी हात लावलेला नाही, फक्त मॉनिटर नवीन आला आणि तो पडायला लागला. मालक म्हणाले तुम्ही काहीतरी बदललंय. त्यांना पटवून द्यायला मला जुना मॉनिटर परत लावून दाखवावा लागला.

त्या काळी अँकर, डॉक (बटणं, तक्ते असले कंट्रोल खिडकीच्या कडेला बांधून ठेवायची सोय) असलं काही नव्हतं, फॉर्म रिसाइझ इव्हेंटमध्ये प्रत्येक कंट्रोल हातानं हलवायचा. ग्रिडची (नोंदींच्या तक्त्याची) रुंदी म्हणजे फॉर्मची रुंदी वजा इतकं. आणि खिडकी मिनिमाइज केली की ती वजाबाकी उणे यायची आणि ३८० नंबरची एरर. पहिल्या ओळीत 'मिनिमाइज असेल तर बाहेर पड' लिहिल्याशिवाय सुटका नव्हती.

पट्टीवाले, तुमच्याकडं अँकर आहे, डॉक आहे, टेबल लेआउट आहे. मग बटण टास्कबारखाली गेलंच कसं, हा माझा प्रश्न आहे.

रेवती नक्षत्र
पट्टीवाला, ती सेटिंगची फाईल उडवण्याआधी कॉपी ठेवली होती का? असेल तर त्यातले आकडे इथं टाका. मला नाही वाटत दोन मॉनिटरचा घोळ आहे. मॉनिटर जाऊन महिना झाला ना? मग महिनाभर प्रोग्राम कुठं उघडत होता?

पट्टीवाला
@रेवती ताई, कॉपी आहे. लेफ्ट उणे ३२०००, टॉप उणे ३२०००. रुंदी १६०, उंची २८.

तुम्ही म्हणताय ते खरंच, महिनाभर नीट चालू होतं. हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

रेवती नक्षत्र
मग सापडलं. उणे ३२००० हा मॉनिटरचा आकडा नव्हेच. विंडोज जेव्हा खिडकी मिनिमाइज करतं तेव्हा ती स्क्रीनवरनं पार लांब नेऊन ठेवतं, उणे ३२०००, उणे ३२००० या जागी, आणि तिचा आकार टीचभर होतो. त्याच अवस्थेत कुणी प्रोग्राम बंद केला तर तुमचा कोड इमानदारीनं तीच जागा लिहून ठेवणार.

दिवाणजींना विचारा की बंद कसं करतात. माझी खात्री आहे की ते रात्री टास्कबारवरच्या आयकॉनवर राइट क्लिक करून क्लोज विंडो म्हणतात.

उपाय सोपा आहे. बंद होताना आधी विंडोस्टेट बघायची. नॉर्मल असेल तर बाउंड्स (जागा आणि आकार) लिहा. मिनिमाइज किंवा मॅक्सिमाइज असेल तर रिस्टोअरबाउंड्स लिहा, त्यात मूळची जागा आणि आकार मिळतो. स्टेट वेगळी लिहा, आणि मिनिमाइज असेल तर ती नॉर्मल म्हणून लिहा, नाहीतर उद्या प्रोग्राम मिनिमाइज होऊनच उघडेल आणि परत फोन येईल.

पट्टीवाला
विचारलं आत्ताच फोन करून. बरोबर तसंच. त्या दिवशी रात्री लाईट जायच्या भीतीनं घाईत सगळं टास्कबारवरनंच बंद केलं म्हणाले. ताई, धन्यवाद. मी मॉनिटरच्या मागं लागलो असतो आणि हे कायम राहिलं असतं.

भडंग स्पेशल
३२००० हाच आकडा का पण? कुणाला माहितीय?

ट्विपवाले काका
१६ बिटांत उणे बाजूला ३२७६८ पर्यंत जाता येतं. त्या टोकाच्या जवळचा गोल आकडा. जुन्या विंडोजमध्ये स्क्रीनवरचे आकडे १६ बिटांत मावायला लागायचे, त्यामुळं त्याच्या पलीकडं जायचं नाही आणि कुठल्याही मॉनिटरवर तर दिसायचं नाही, असं दोन्ही साधतं.

मिरज जंक्शन
मी दुसऱ्या बाजूनं बोलतो. खिडकी कुठं ठेवायची हे प्रोग्रामनं ठरवूच नये, ते काम डेस्कटॉपचं आहे. लिनक्सवर वेलँड (खिडक्या स्क्रीनवर दाखवायची नवी पद्धत) आल्यापासून हा नियमच झालाय. वेलँडमध्ये साध्या खिडकीला स्वतःची स्क्रीनवरची जागा कळतही नाही आणि सांगताही येत नाही. आकार मागता येतो, जागा नाही. जीटीके (खिडक्या बनवायची लायब्ररी) ४ आली २०२० मध्ये, त्यात खिडकी हलवायचं जे फंक्शन होतं तेच काढून टाकलं. प्रत्येक प्रोग्राम स्वतःला पाहिजे तिथं उड्या मारायला लागला तर वापरणाऱ्याचा डेस्कटॉप कुणाचा राहतो?

रेवती नक्षत्र
@मिरज जंक्शन तत्त्व मान्य. पण मग जागा लक्षात ठेवायची जबाबदारी डेस्कटॉपनं पूर्ण घेतली पाहिजे. प्रोग्रामला बंदी केली आणि स्वतः लक्षात ठेवलं नाही तर दिवाणजींना रोज सकाळी खिडकी ओढून डावीकडं न्यावी लागेल. एक्स इलेव्हनमध्ये (वेलँडच्या आधीची पद्धत) प्रोग्राम जागा सुचवायचा आणि विंडो मॅनेजर (खिडक्या मांडणारा प्रोग्राम) हो नाहीतर नाही म्हणायचा, ते मला जास्त समजूतदार वाटतं.

मिरज जंक्शन
समजूतदार होतं पण त्याचा गैरवापर पण झाला ना. काम चालू असताना मधेच समोर उघडणारी, कीबोर्ड हिसकावून घेणारी खिडकी सगळ्यांनी भोगलीय. मी पासवर्ड टाइप करतोय आणि अर्धा पासवर्ड दुसऱ्याच खिडकीत गेला असं माझ्या बाबतीत झालंय.

सफरचंदवाली
मॅकवर हे किती वर्षांपासून एका ओळीत आहे. खिडकीला एक ऑटोसेव्हचं नाव द्यायचं, बास, पुढचं सिस्टीम बघते. फक्त एक सांभाळायला लागतं, मॅकवर वाय शून्य खालून सुरू होतं, डाव्या खालच्या कोपऱ्यातनं. विंडोजवरनं आलेला माणूस पहिल्या दिवशी खिडकी वर न्यायला जातो आणि ती खाली जाते.

पाचवं सेमिस्टर
मला जावाचं विचारायचंय. स्विंगमध्ये (जावातली खिडक्या बनवायची लायब्ररी) मी सेटलोकेशनरिलेटिव्हटू नल देतोय तरी खिडकी मधोमध येत नाही, उजवीकडं खाली सरकलेली दिसते. लॅबमध्ये सगळ्यांचं असंच होतंय आणि उद्या प्रॅक्टिकल आहे.

रेवती नक्षत्र
@पाचवं सेमिस्टर पॅक (आतल्या मजकुराप्रमाणं खिडकीचा आकार ठरवणं) आधी, मग लोकेशन, मग व्हिजिबल. तू लोकेशन आधी देतोयस, तेव्हा खिडकीचा आकार शून्य असतो, त्यामुळं तिचा डावा वरचा कोपरा स्क्रीनच्या मध्यावर बसतो. नंतर पॅक झाला की ती तिथून उजवीकडं खाली वाढते.

पाचवं सेमिस्टर
आलं मधोमध!! थँक्यू ताई. ग्रुपवर टाकलं.

मात्रा वेलांटी
मी मराठी सॉफ्टवेअरचे स्क्रीन तपासायचं काम करते. पट्टीवाल्यांच्या दुसऱ्या दुखण्यावर कुणी बोललंच नाही अजून, तर मी बोलते. खिडकीचा आकार म्हणजे फक्त बाहेरची चौकट नाही. आतल्या मजकुराला किती जागा लागते त्यावरनं चौकट ठरायला पाहिजे, आणि मराठीत तर जास्तच.

बहुतेक फॉर्म इंग्रजी लेबलं टाकून काढलेले असतात, आणि मग तिथं मराठी भरलं जातं. देवनागरीला वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार. मंगल फाँटची ओळ त्याच पॉइंटच्या इंग्रजी फाँटपेक्षा चांगलीच उंच असते. लेबलची उंची १३ पिक्सेल ठोकून ठेवली असेल तर खालचा उकार कापला जातो. एका ठिकाणी मी पाहिलंय, कॉलमचं नाव होतं 'तूट', दिसत होतं 'तट'. वापरणारी माणसं सवयीनं बरोबर वाचतात आणि तक्रार करत नाहीत, पण आपल्या भाषेचे पाय कापलेले रोज बघायचे म्हणजे मला सहन होत नाही.

म्हणून लेबलला ऑटोसाइझ चालू ठेवा, ओळीची उंची फाँटकडून घ्या, आणि फॉर्म तपासताना त्यात मुद्दाम 'कृष्णा', 'तूट', 'र्‍हस्व', 'किंमत' असले शब्द टाकून बघा. 'अबक' टाकून काही कळत नाही.

ट्विपवाले काका
@मात्रा वेलांटी बाई, अगदी मनातलं बोललात. आम्ही तर खालचं अक्षर कापतंय म्हणून फाँटच बारीक करायचो, आणि म्हाताऱ्या माणसांना ते वाचायला भिंग लागायचं. लेबल मोठं करायचं सोडून अक्षर लहान केलं, हे आज चूक वाटतं.

हरिपूरकर
आता १२५ टक्क्यांचा हिशोब कुणीतरी समजावून सांगा. माझं फुल स्क्रीनचं मत तिथं तरी टिकतंय का बघू.

मात्रा वेलांटी
सांगते. विंडोजमध्ये १०० टक्के म्हणजे ९६ डीपीआय, १२५ म्हणजे १२०, १५० म्हणजे १४४. आता १३६६ बाय ७६८ च्या स्क्रीनला १.२५ नं भागा. १०९३ बाय ६१४ उरतं. म्हणजे तुमच्या फॉर्मला वापरायला उंची ६१४ च, आणि त्यातनं टास्कबारचे ४० गेले. पट्टीवाल्यांचा फॉर्म ७०० चा. खालचे सव्वाशे पिक्सेल गेले कुठं? टास्कबारखाली. 'जतन करा' सगळ्यात खाली, म्हणून तेच गेलं.

आणि हे फक्त जुन्या लॅपटॉपचं नाही. नवीन १९२० बाय १०८० चे लॅपटॉप बऱ्याचदा १५० टक्क्यांवर लावलेले असतात, तिथं उरतं १२८० बाय ७२०. त्यातनं टास्कबार वजा करा, ७०० चा फॉर्म तिथंही बसत नाही. स्क्रीन भारी आहे म्हणून जागा जास्त, असं धरून चालू नका.

हरिपूरकर, फुल स्क्रीन केलं तरी आतलं बटण ६५० व्या पिक्सेलवर ठोकलेलं असेल तर ते खालीच जाणार. तुमच्या वजनकाट्याच्या स्क्रीनवर मोठे आकडे आणि दोन बटणं असतील म्हणून चाललं.

हरिपूरकर
होय, दोनच बटणं आहेत. वजन घ्या आणि पावती. पटलं.

ट्विपवाले काका
म्हणून म्हणालो होतो डॉक कुठं गेला. पट्टीवाले, खाली एक पॅनेल टाका, डॉक बॉटम, त्यात बटणं. वरती एक पॅनेल, डॉक टॉप, त्यात शेतकऱ्याचं नाव, गाव, वक्कल. उरलेल्या जागेत ग्रिड, डॉक फिल. स्क्रीन लहान झाली की ग्रिड आकसेल, चार ओळी कमी दिसतील, पण बटण जागेवर राहील. ग्रिडला स्क्रोल असतो, बटणाला नसतो. ग्रिड पॅनेलच्या खाली लपायला लागली तर तिला ब्रिंग टू फ्रंट करा, डॉकचा क्रम मागून पुढं लागतो, फिल असलेला कंट्रोल सगळ्यात पुढं पाहिजे. आणि मिनिमम साइझ द्या, पण ती १०२४ बाय ७०० देऊ नका म्हणजे झालं.

भडंग स्पेशल
हे म्हणजे दुकानातल्या मांडणीसारखंच झालं. गल्ला आणि काटा आहे तिथं राहतात, पोती वाढतात नाहीतर कमी होतात.

ट्विपवाले काका
हा, नेमकं तसंच. यावरनं एक आठवलं. विंडोजची पहिली आवृत्ती आली १९८५ ला, त्यात खिडक्या एकमेकींवर चढतच नव्हत्या. शेजारी शेजारी बसायच्या, यार्डातल्या गाळ्यांसारख्या, एक मोठी केली की दुसरी आपोआप बारीक. एकीवर एक ठेवायची सोय १९८७ च्या दुसऱ्या आवृत्तीत आली. आणि खिडकी हरवणं, मागं लपणं, बाहेर जाणं हा सगळा प्रकार तिथून पुढचा. आज दिवाणजी डावीकडं अर्धं आणि उजवीकडं अर्धं लावून बसलेत, म्हणजे कामाच्या माणसाला अजून गाळेच पाहिजेत.

आयर्विनखाली
गाळ्यावरनं विचारतो, हरिपूरला हळदीची पेवं अजून वापरात आहेत का? लहानपणी आजोबांबरोबर बघायला गेलो होतो, जमिनीच्या पोटात एवढी हळद मावते हे बघून दोन दिवस तेच बोलत होतो.

हरिपूरकर
२००५ च्या पुरात पेवांत पाणी गेलं, फार नुकसान झालं लोकांचं. आता बरीचशी हळद गोदामात आणि शीतगृहात जाते. यावर वेगळा धागा काढा, लिहीन सविस्तर, आमच्या घरातलं पेव मी आत उतरून बघितलेलं आहे. इथं पट्टीवाल्याचं काम होऊ दे.

पट्टीवाला
सगळं वाचतोय, लिहून घेतोय. काका, आजच डॉकचं बदललं. आता एक अडचण. उघडताना जागा तपासायची म्हणून मी लिहिलं की लेफ्ट शून्यापेक्षा कमी असेल तर शून्य करा, टॉपचं पण तसंच. चालेल ना?

रेवती नक्षत्र
नाही चालणार, दोन कारणांनी. एक, दुसरा मॉनिटर मुख्य मॉनिटरच्या डावीकडं लावला असेल तर तिथले सगळे एक्स उणेच असतात. १९२० चा मॉनिटर डावीकडं असेल तर तिथं एक्स उणे १९२० पासून उणे १ पर्यंत. ती खरी जागा आहे, माणूस तिथं बसून काम करतोय, आणि तुमचा प्रोग्राम रोज सकाळी खिडकी ओढून मुख्य मॉनिटरवर आणणार.

दुसरं तुमच्याच दिवाणजींचं. विंडोज १० मध्ये खिडकीच्या डाव्या, उजव्या आणि खालच्या बाजूला न दिसणारी किनार असते, साधारण ७ पिक्सेल, माऊसनं धरून ओढता यावी म्हणून. त्यामुळं खिडकी डाव्या अर्ध्यात चिकटवली की तिचा लेफ्ट शून्य येत नाही, उणे ७ येतो. तुमचा कोड तो शून्य करणार आणि रोज डावीकडं एक फट दिसणार. खिडकी पूर्णपणे स्क्रीनच्या आत बसते का, असं तपासलं तरी तेच, अर्ध्यात चिकटवलेली खिडकी दर वेळी नापास होणार.

तपासायचं एवढंच की टायटल बारचा हाताला लागेल एवढा तुकडा कुठल्या तरी मॉनिटरच्या वर्किंग एरियात (टास्कबार सोडून उरलेल्या जागेत) येतो का. सगळे स्क्रीन एकेक बघा, टायटल बारच्या पट्टीचा त्यांच्याशी छेद घ्या, शंभर एक पिक्सेल रुंदी मिळाली तर आहे तिथं उघडा. नाही मिळाली तर जवळचा स्क्रीन घ्या आणि त्याच्या वर्किंग एरियात खिडकी बसवा, आकार मोठा असेल तर कमी करा. टायटल बार दिसला की माणूस स्वतः ओढून घेतो.

आणि स्टार्टपोझिशन मॅन्युअल करायला विसरू नका, नाहीतर तुम्ही दिलेली जागा बाजूला राहते आणि विंडोज आपल्या मनानं उघडतं.

मिरज जंक्शन
यात एक भर. क्यूटीमध्ये (ही पण खिडक्या बनवायची लायब्ररी) सेव्हजिओमेट्री आणि रिस्टोअरजिओमेट्री आहे, त्यात मूळ आकार, मॅक्सिमाइज आहे का, कुठला स्क्रीन, सगळं येतं, आणि परत लावताना स्क्रीनच्या बाहेर जात असेल तर आत पण आणतं. मी तत्त्वाचं बोललो होतो, पण विंडोजवर काम असेल तर असं तयार असलेलं वापरावं हे मला मान्य आहे.

पट्टीवाला
विन३२ (विंडोजची स्वतःची मूळ फंक्शनं) मधलं गेटविंडोप्लेसमेंट वापरलं तर? नेटवर बरेच जण तेच सुचवतात.

रेवती नक्षत्र
चांगलं आहे, मिनिमाइजचा घोळ त्यात होत नाही. पण तुमच्या कामाला एक अडचण आहे. खिडकी अर्ध्यात चिकटवलेली असेल तर ते चिकटवण्याआधीची जागा देतं. म्हणजे दिवाणजींनी डावीकडं अर्धी लावलेली खिडकी सकाळी जुन्या जागी उघडेल. तुम्हाला अर्धीच परत पाहिजे, म्हणून बाउंड्स बरं. शिवाय त्यातले आकडे वर्कस्पेसचे असतात, टास्कबार वरती किंवा डावीकडं असेल तर स्क्रीनच्या आकड्यांशी जुळत नाहीत. सेटविंडोप्लेसमेंटनंच परत लावत असाल तर ठीक, पण एकातनं घेऊन दुसऱ्यात घालू नका.

मात्रा वेलांटी
फाईलमध्ये आकाराबरोबर डीपीआय पण लिहा. १०० टक्क्यांवर लिहिलेली ९०० ची रुंदी १५० टक्क्यांच्या स्क्रीनवर तशीच लावली तर खिडकी चिंचोळी होते आणि मराठी मथळे परत कापले जातात. विंडोज ८.१ पासून डीपीआय बदलल्याचा निरोप खिडकीला येतो, त्यात नवीन चौकट कुठं आणि केवढी असावी ते पण सुचवलेलं असतं. ते सुचवलेलं वापरा, स्वतःचं गणित घालू नका. मी असा प्रोग्राम तपासलाय जो दोन मॉनिटरच्या सीमेवर थरथरत होता, इकडं मोठा, तिकडं लहान, परत इकडं.

आणि फॉर्म डिझायनर १०० टक्क्यांवरच उघडा. एक जण १०० वर, एक १२५ वर उघडतो, दोघंही सेव्ह करतात आणि फॉर्मची मापं सरकत जातात.

आयर्विनखाली
पट्टीवाले, काय झालं पुढं? आठ दिवस झाले.

पट्टीवाला
सांगतो. रेवती ताईंनी सांगितल्याप्रमाणं बंद होताना स्टेट बघून लिहितो, उघडताना टायटल बार तपासतो. मॅक्सिमाइज असेल तर आधी बाउंड्स लावतो मग मॅक्सिमाइज करतो, म्हणजे ज्या मॉनिटरवर होती तिथंच फुल होते. पहिल्यांदाच उघडत असेल तर वर्किंग एरियाच्या आत बसेल एवढीच उघडतो. बटणं खालच्या पॅनेलमध्ये गेली. लेबलं ऑटोसाइझ केली, आणि मात्रा ताई, माझ्याकडं खरंच 'तूट' कापलेली होती, वर्षभर कुणी बोललं नाही.

काल लॅपटॉपवाल्या दुकानात गेलो. दिवाणजी बसले, नाव टाकलं, वक्कल टाकलं, आणि सवयीनं सात टॅब मारायला लागले. मी म्हटलं अण्णा, बटण आता दिसतंय बघा खाली. त्यांनी चष्मा वर केला, माऊसनं दाबलं, आणि लगेच पुढच्या शेतकऱ्याला हाक मारली.

पहिल्या दुकानात मुद्दाम रात्री थांबलो. मिनिमाइज केलं, टास्कबारवरनं राइट क्लिक करून बंद केलं, परत उघडलं. डावीकडं अर्ध्यातच उघडलं, फट नाही.

एकच राहिलंय. पट्टी प्रिंट करायच्या आधीची प्रिव्ह्यूची खिडकी कधी कधी मागं उघडते आणि प्रोग्राम अडकल्यासारखा वाटतो.

ट्विपवाले काका
शोडायलॉगला ओनर (ही खिडकी कुठल्या खिडकीची ते) देताय का? कंसात धिस लिहा.

पट्टीवाला
नव्हता दिला. आत्ता देऊन बघतो.